रामिरोची गुरं

आमच्या घरात सकाळी देवापुढे दिवा लागायच्या आधी उरुग्वे लागतं. म्हणजे बाळ उठतात, चूळ भरतात आणि लॅपटॉप उघडून डायनिंग टेबलावर ठेवतात. पडद्यावर करडा-पांढरा माळ दिसतो. तिकडे तेव्हा नुकतीच रात्र झालेली असते, आणि त्या माळावर मैनेएवढी पाखरं जमिनीला पोट लावून झोपलेली असतात.

बाळ म्हणजे आमचे हे. वय चौसष्ट, नाव बाळ. तोंडावर मी 'अहो'च म्हणते, पण मनातल्या मनात बाळ, कारण वागणंही तसंच. इथल्याच एका केमिकल कंपनीत सेफ्टी ऑफिसर होते. रिटायर झाले, पण सेफ्टी काही सुटली नाही. आमच्या अंबरनाथ वेस्टच्या सोसायटीत लिफ्टचं दार नीट लागलं नाही, कुणाच्या गॅसची नळी जुनी दिसली, की यांचा फोन गेलाच. वॉचमनला, लिफ्टवाल्याला, नगरपालिकेला. "थांब, मी एक फोन करतो," हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की झोपेतही ओळखीन.

आणि उरुग्वे म्हणजे आमची इरा. एकुलती एक. कॉलेजात असताना बारवीच्या जंगलात दुर्बीण घेऊन फिरायची, तेव्हा मी म्हणायचे, नोकरी लागली की हे खूळ जाईल. खूळ राहिलं बाजूलाच, पोरगीच गेली. ती ज्यांचा अभ्यास करते ती पाखरं तुतवारांच्या जातीची. तुतवार म्हणजे खरं तर पाण्याकाठचे पक्षी. पण ही मंडळी पार उत्तर ध्रुवाकडून निघतात, अर्धी पृथ्वी उडून दक्षिण अमेरिकेत येतात, आणि समुद्र जवळ असताना त्याच्याकडे पाठ फिरवून गवतात झोपतात. इरा त्यांच्या झोपेचा अभ्यास करते. कुठे झोपतात, किती अंतर ठेवून झोपतात, दर वर्षी त्याच जागेवर का येतात.

"आई, त्यांना बुटकं गवत लागतं," तिनं मला एकदा समजावलं होतं. "मान वर केली की कोल्हा येताना दिसला पाहिजे. गवत वाढलं की संपलं, जागा सोडून देतात."

"आणि तू कुठे झोपतेस?"

"पत्र्याच्या खोलीत. मला कोल्ह्याचं टेन्शन नाही."

झोपलेल्या पाखरांवर तिनं एक कॅमेरा लावला होता. रात्रीच्या अंधारातही दिसणारा, आणि चित्र सरळ तिच्या संस्थेच्या वेबसाइटवर. जगात कुणीही बघावं. जगातलं बाकी कुणी बघत होतं की नाही कोण जाणे, पण अंबरनाथमधून आम्ही दोघं न चुकता बघायचो. मी भाजी चिरता चिरता, हे पेपर वाचता वाचता. आमचं दुपारचं जेवण होऊन आवराआवर चालू असायची तेव्हा तिकडे उजाडायचं आणि एकेक करून पाखरं उठायची. मधूनच इराचे गमबूट समोरून जायचे. चेहरा कधीच दिसायचा नाही, कारण कॅमेरा पाखरांसाठी अगदी खाली, जमिनीलगत लावलेला. मला त्या बुटांचंही अप्रूप होतं. डाव्या बुटाची टाच जास्त झिजलीय, पोरगी वाकडी चालायला लागली की काय, एवढं सगळं मी त्या बुटांवरून ताडायचे.

हे तिचं शेवटचं वर्ष. मार्चमध्ये पाखरं परत उत्तरेला निघतात. तोवर रोजची नोंद झाली की प्रबंध पुरा होणार होता, आणि शिष्यवृत्तीही तिथेच संपणार होती. जानेवारी लागताच तिनं फोन केला की तीन आठवडे समुद्रावरच्या दुसऱ्या जागी जाते, तंबूत राहणार, फोन लागणार नाही. कॅमेरा इथलं काम बघेल.

"आणि तुला काही झालं तर?" मी विचारलं.

"रामिरोचा नंबर पाठवते. ज्याचा हा माळ आहे ना, तो. अगदी इमर्जन्सी असली तरच कर. त्याला इंग्रजी अजिबात येत नाही, स्पॅनिशच."

बाळांनी तो नंबर ठळक अक्षरात लिहून फ्रिजवर चिकटवला.

त्या माळावर रामिरोची गुरंही असायची. तांबडी, धष्टपुष्ट, आपल्याकडच्या दोन गाई मिळून एक होईल अशी. रात्रीही चरत फिरायची. पाखरं झोपलेली आणि मध्येच ही धूडं येणार. खूर पडायचा, शेजारचं पाखरू फडफडून दोन वीत बाजूला सरकायचं, परत डोकं पंखात घालायचं. मी म्हणायचे, सवय असेल त्यांची. बाळ मात्र पेपर खाली ठेवायचे.

"नीलिमा, कंपनीत याला निअर मिस म्हणतात. थोडक्यात वाचलं. अशी थोडक्यात वाचलेली प्रकरणं साठत जातात आणि मग एक दिवस खरा अॅक्सिडेंट होतो."

"अहो, ही कंपनी नाहीये."

"नियम सगळीकडे तेच."

आणि इरा गेल्यावर चार दिवसांनी तो अॅक्सिडेंट झालाच. एक गाय आली, गोल फिरली आणि धप्पकन बसली. ती बसली तिथे एक पाखरू होतं. मीही पाहिलं. ती उठली तेव्हा पाखरू उठलं नाही. पायात इरानं ओळखीसाठी अडकवलेला टॅग होता त्याच्या. माझ्या हातातली गवार तशीच राहिली. आता खोटं कशाला बोलू, त्या क्षणी मलाही वाटलं की काहीतरी केलं पाहिजे.

इराला फोन लावला. लागला नाही. मेल केला. उत्तर नाही. बाळ फ्रिजसमोर जाऊन उभे राहिले.

"स्पॅनिश कुणाला येतं आपल्याकडे?"

हा प्रश्न अंबरनाथ वेस्टमध्ये विचारण्यासारखा नव्हता. पण मला उत्तर माहीत होतं. उल्हासनगरला कॅम्प दोनच्या बाजारात होतचंद म्हणून एक सिंधी कापडवाले आहेत, ब्लाउजपीस मी वर्षानुवर्षं त्यांच्याकडूनच घेते. तरुणपणी ते चिलीला गेले होते, भावाच्या दुकानात. वीसेक वर्षं तिकडे साड्यांऐवजी ब्लँकेटं विकली आणि मग आईच्या आजारपणात परत आले. पुतण्या अजून तिकडेच आहे. त्याच्याशी फोनवर भांडताना ते सिंधीतून सुरू करतात आणि राग चढला की स्पॅनिशवर जातात. मी कितीदा तरी अस्तर निवडताना ऐकलेलं.

संध्याकाळी आम्ही दोघं त्यांच्या गादीवर बसलो होतो. चहा आला. बाळांनी लॅपटॉपवर सकाळचं रेकॉर्डिंग लावून गाय दाखवली, पाखरू दाखवलं, टॅग दाखवला. होतचंद चष्मा कपाळावर सारून बघत राहिले.

"अरे साईं, ये तो बहोत गलत हो रहा है," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "अदी, बहन, आपकी बेटी उधर अकेली रहती है? जंगल में? वाह. लाओ नंबर."

फोन लागला. तिकडे सकाळ होती. होतचंदांचा आवाज एकदम तरुण झाला. हसले काय, हात काय हलवले, मध्येच समोरच्या गिऱ्हाइकाला मीटरचा भाव सांगितला, परत स्पॅनिश. मला वाटलं, चिलीची आठवण निघाली असावी. बाळ गुडघ्यावर हात ठेवून मुलीच्या रिझल्टला बसल्यासारखे बसले होते. एका ठिकाणी होतचंद थांबले आणि आमच्याकडे वळले.

"पूछ रहा है, पक्का ना? बेटी को अब गायें नहीं चाहिए, पक्का?"

"पक्का," बाळ म्हणाले. "एकदम पक्का. सांगा, आम्ही तिचे आईवडील बोलतोय."

होतचंदांनी सांगितलं. फोन ठेवला आणि हात झटकले. "हो गया. आज के आज हटाता है. बहोत अच्छा आदमी है. बोला, माँ-बाप ने बोला मतलब बात खतम."

परत येताना बाळ रिक्षात शीळ घालत होते. लग्नाला छत्तीस वर्षं झाली, त्यांना शीळ घालता येते हे मला त्या दिवशी कळलं.

दुसऱ्या दिवशी माळ मोकळा. पाखरं शांत झोपलेली. ना खूर, ना फडफड. बाळांनी होतचंदांना पेढ्यांचा बॉक्स पाठवला. "बघ," मला म्हणाले, "पोरगी येईल तेव्हा विचारेल, बाबा, एवढं शांत कसं झालं?" त्यांच्या चेहऱ्यावर असा आनंद मी पुष्कळ दिवसांनी बघत होते. रिटायर झाल्यापासून त्यांचे फोन कुणी उचलतच नव्हतं ना.

मग तिकडे पाऊस झाला. एकदा झाला, परत झाला. रोज बघणाऱ्याला गवत वाढताना दिसत नाही म्हणतात, पण मला दिसलं, कारण मी पाखरांचे पाय बघायचे. आधी पाय दिसेनात. मग पोट दिसेना. मग नुसती डोकी, गवतातून वर काढलेली, एकसारखी इकडेतिकडे वळणारी. झोपतच नव्हती बिचारी. आणि रोज थोडी कमी.

"सीझन संपत आला असेल," बाळ म्हणाले.

"अहो, जानेवारी आहे."

त्याच रविवारी मी सोनिवलीला गेले, माहेरी. माझा भाऊ आनंदा तिथेच असतो. आमच्या घरासमोर पूर्वी मोठा माळ होता. आता अर्ध्या माळाला बिल्डरनं पत्रे ठोकलेत, आत अजून काही बांधलेलं नाही. आनंदाच्या ओट्यावर बसून मी सहज बघत होते. पत्र्याच्या आत गुरं जात नाहीत, तर गवत पत्र्याच्या वर डोकं काढून उभं. पत्र्याच्या बाहेर आनंदाच्या म्हशी चरतात, तिथे गवत पायाच्या घोट्याएवढं, आणि तिथे टिटव्या उभ्या होत्या. आत एकही नाही. बाहेर सगळ्या.

लहानपणापासून हा माळ बघितलेली मी. इरा बुटकं गवत, बुटकं गवत म्हणून कानीकपाळी ओरडत होती. ते बुटकं ठेवतंय कोण, हा प्रश्न आम्हा दोघांतल्या एकालाही पडला नाही!

"काय गो, काय झाला?" आनंदानं विचारलं. "चेहरा असा का केलास?"

"काही नाही रे."

घरी येऊन मी बाळांना सांगितलं. ते उठून लॅपटॉपसमोर गेले. पडद्यावर गवत होतं, वाऱ्यावर हलत होतं, आणि त्यात एकही डोकं नव्हतं. मला त्यांचा इतका राग आला होता की जिन्यात मनातल्या मनात मी दहा वाक्यं जुळवून आणली होती. ते तसे पाठमोरे बसलेले दिसले आणि दहाही वाक्यं विसरले.

"होतचंदला परत सांगू," शेवटी ते म्हणाले. "गुरं परत सोडा म्हणावं."

परत उल्हासनगर, परत गादी. या वेळी होतचंद हसले नाहीत. फोनवर बराच वेळ नुसती मान हलवत "सी, सी" करत राहिले. ठेवून दिल्यावर त्यांनी डोळे पुसले की चष्मा, ते कळलं नाही.

"साईं, गायें बेच दी उसने. सब. ट्रक में भरके." ते हळू बोलत होते. "वो तो पहले ही बेचने वाला था. बिटिया ने हाथ जोड़के रुकवाया था, मार्च तक. हमने फोन किया तो वो समझा, उसका काम हो गया. मेरे को बोलता है, मैंने तो पूछा था ना, पक्का?"

आजूबाजूचे माळ? तिकडे सगळं सोयाबीन. शेजाऱ्यांकडे गुरं नाहीत. ट्रॅक्टरनं कापायचं तर जमीन ओली, ट्रॅक्टर रुतेल. हे सगळं बाळांनी होतचंदांकरवी विचारून घेतलं, एकेक करून, कंपनीत चौकशी करायचे तसं. आणि प्रत्येक प्रश्नाला उत्तर एकच येत गेलं.

इरा परत आली तेव्हा आमच्याकडे दुपार होती. आधी कॅमेऱ्यात बूट आले. थांबले. बराच वेळ हललेच नाहीत. मग फोन वाजला.

"बाबा, तू रोज बघतोस ना? काय झालं इथे? गुरं कुठायत? रामिरो घरी नाहीये, मला काही कळत नाहीये. कधीपासून नाहीत ती?"

मी हात पुढे केला, फोन माझ्याकडे द्या म्हणून. कशी सांगणार होते कोण जाणे, पण आईच्या तोंडून जरा मऊ गेलं असतं. बाळांनी दिला नाही. उभे राहिले आणि उभ्यानंच सांगितलं. गाय बसली ते. होतचंद. पक्का म्हणालो ते. काही लपवलं नाही, माझं नाव तर घेतलंच नाही.

मी फोनला कान लावला.

"बाबा, पक्षी मरतात रे," ती म्हणाली. "एखादा गाईखाली पण मरतो. मी ते लिहून ठेवते. एवढंच करायचं असतं."

"मी काहीतरी करतो, इरा. तुझ्या गाइडना एक फोन करतो, संस्थेच्या—"

"नको." ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. "प्लीज बाबा. आता कुणाला फोन करू नकोस. कुणालाच. मलासुद्धा नको. मीच करेन."

"पुढच्या वर्षी येतील ना गं ती?" मी मधेच विचारलं.

"माहीत नाही, आई. एकदा जागा सोडली की परत येतात का, तेच तर मी शोधत होते."

बाळ त्या दिवशी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी जेवले, पण लॅपटॉप बंद केला नाही. मी म्हटलं, आता काय आहे त्यात बघायला, नुसतं गवत. तर म्हणाले, असू दे.

आणि मग एका दुपारी, चहाच्या वेळी, त्या गवतात इरा आली. बूट आले, गुडघे टेकले आणि हात दिसले. हातात विळ्यासारखं काहीतरी होतं. ती गवत कापायला लागली. एवढा थोरला माळ, पडद्यात मावत नाही एवढा, आणि माझी पोरगी मुठीमुठीनं गवत कापत होती.

मी सोनिवलीची. कार्तिकात आईबरोबर गवत कापून भारे बांधलेत मी. माझ्या हातांना ते काम अजून येतं. इरानं आयुष्यात कोथिंबिरीपलीकडे काही कापलेलं नाही. मूठ वर धरत होती, पातं आपल्याकडे ओढत होती, बोटांच्या इतकं जवळ की माझा जीव वरखाली होत होता.

"खाली धर गं, मुळाशी," मी पडद्याला सांगत होते. "मनगट वळव. अगं, बोट!"

"हातमोजे नाहीत," बाळ म्हणाले. "हातमोजे घातले नाहीत तिनं." एवढ्या माणसांना एवढी वर्षं हातमोजे घालायला लावलेला हा माणूस.

ती थांबत होती, परत कापत होती. आमच्याकडे दिवेलागण झाली, तिकडे ऊन चढलं. आमच्या हॉलएवढा तुकडा कापून झाला असेल नसेल. मग ती दिसेनाशी झाली आणि कॅमेऱ्यासमोर ते चौकोनी टक्कल राहिलं, चारी बाजूंनी उंच गवत.

त्या रात्री आम्ही दोघंही धड झोपलो नाही. पहाट झाली तशी बाळांनी लॅपटॉप पुढे ओढला. तिकडे सूर्य मावळत होता. पाखरं यायची हीच वेळ. माझ्या मनात आलं, एक तरी येऊ दे. एकच. मी दिवा लावला, हात जोडले आणि देवाला हेच सांगितलं.

एकदा आभाळात ठिपके दिसले. बाळांनी माझं मनगट पकडलं. ठिपके वळले, खाली आल्यासारखे वाटले आणि निघून गेले.

मग इरा आली. कापलेल्या तुकड्याच्या मधोमध बसली, गुडघ्यांना मिठी मारून. आम्हाला फक्त पाय आणि हात दिसत होते. एका बोटाला पांढरी पट्टी गुंडाळलेली होती. अंधार पडत गेला, चित्र करडं झालं. ती वाट बघत होती. आम्हीही बघत होतो. खाली सोसायटीत शाळेची बस आली, मुलं चढली, बस गेली. आमचा चहा झाला नव्हता, आंघोळी नाहीत, काही नाही.

आणि ती आडवी झाली. तिथेच, कापलेल्या गवतावर, कुशीवर. एक हात उशाला घेतला. तेव्हा कुठे या सगळ्या महिन्यांत पहिल्यांदा त्या कॅमेऱ्यात तिचा चेहरा दिसला. जमिनीलगत, पाखरांची डोकी दिसायची तिथे. गाल बसले होते. डोळे थोडा वेळ उघडे होते, मग मिटले.

"अहो, दव पडत असेल तिथे," मी म्हटलं. "अंगावर काही नाही तिच्या. आणि कोल्हे फिरतात म्हणाली होती. साप असतील."

बाळ पडद्याकडे आणखी वाकले.

"तिला उठवा ना. आत जाऊन झोप म्हणावं. फोन असेल तिच्या खिशात. अहो, करा ना एक फोन."

त्यांनी टेबलावरचा फोन उचलला. तिचं नाव काढलं, अंगठा त्यावर नेला. मग फोन परत खाली ठेवला, पालथा, आणि त्यावर हात ठेवून बसले.

"तिनं नको म्हणून सांगितलंय," ते म्हणाले.

आम्ही तिच्याकडे बघत बसलो.